जुदासचा डावा कान

ओतिलियाबाईंना जाऊन आता महिना होत आला. त्यांच्या घरी नऊ संध्याकाळी जपमाळ झाली. दर संध्याकाळी प्रार्थना संपून आतोलेचे, म्हणजे मक्याच्या गोड पेजेचे, गरम पेले फिरू लागले की कोणी ना कोणी तीच गोष्ट काढायचं. "बाई दिसायला मऊ, पण काय छाती होती त्यांची. सगळं गाव गप्प बसलेलं, आणि त्यांनी फिदेन्सियोला भर चौकात जाळला." ऐकणारे माना हलवायचे. शेवटच्या दिवशी पाद्रीबाबांनीसुद्धा 'निर्भय शिक्षिका' असे शब्द वापरले.

मी कोपऱ्यात बसून पेल्यात बघत राहिलो. उठून बोलायला हवं होतं, पण चारचौघांत बोलणं मला जमत नाही. लिहिणंही फारसं जमत नाही, तरी लिहून ठेवतो. मी आमच्या बालवाडीचा शिपाई होतो. अंगण झाडणं, मुलांचे हात धुवायला नळ सोडणं आणि बाई सांगतील तेव्हा पिठाची खळ शिजवणं, एवढंच माझं काम. पण ती गोष्ट मी पाहिली आहे, आणि लोक सांगतात तशी ती नाही.

बाईंचे वडील दॉन मेलितोन कागदाच्या लगद्याच्या वस्तू करायचे. मुखवटे, बाहुल्या, घोडे, आणि ईस्टरच्या आदल्या शनिवारी जाळायचे जुदास. येशूला पकडून देणारा तो जुदास. आमच्याकडे त्या सकाळी चौकात दोऱ्या बांधून त्याचे पुतळे टांगतात, कमरेला फटाके गुंडाळतात आणि उडवून देतात. मोठी माणसं आपल्या जुदासला कुणाचा तरी चेहरा देतात. एका वर्षी पाणीपट्टीच्या कारकुनाचा, एका वर्षी माप मारणाऱ्या वाण्याचा. दॉन मेलितोन मात्र लाल तोंडाचा, शिंगांचा साधा सैतानच करायचे. म्हणायचे, "कुणाचं तोंड लावून जाळू नये बाबा. उद्या त्याच्याच दुकानात पीठ आणायला जायचं असतं."

बाई त्या लगद्यातच वाढल्या. लग्न केलं नाही. स्वभाव इतका भिडस्त की समोरून नगराध्यक्ष येताना दिसले तर रस्ता ओलांडून पलीकडे जायच्या. कुणी स्तुती केली की मान लाल व्हायची, गळ्यापासून कानापर्यंत. पण एकदा बुटक्या खुर्चीवर मुलांमध्ये बसल्या की वेगळ्याच व्हायच्या. आवाज मोकळा, बाह्या वर, कोपरापर्यंत खळ. प्रत्येक सण त्या हातांनी शिकवायच्या. मृतांच्या दिवसाला मातीच्या छोट्या कवट्या, त्यांवर ज्याचं त्याचं नाव. नाताळला मडक्यावर कागद चिकटवून केलेली चांदणी. आणि ईस्टरच्या आधी जुदास. मला म्हणायच्या, "तोंडानं सांगितलेलं पोरं दुपारपर्यंत विसरतात. हातांनी केलेलं विसरत नाहीत."

हे त्या अभिमानाने म्हणायच्या. नंतर कधी म्हणाल्या नाहीत.

त्या वर्षी शहरातून एक तपासनीस बाई आल्या होत्या. त्यांनी भिंतीवरची चित्रं पाहिली आणि म्हणाल्या, सगळ्यांचे सैतान सारखेच कसे? मुलांच्या कल्पनेला वाव द्या. बाईंना ते लागलं. रात्रभर झोप नाही म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मुलांना जुदासची गोष्ट सांगितली, त्यानं मित्राला कसं दाखवून दिलं ते सांगितलं, आणि म्हणाल्या, "यंदा साचा नाही. त्याचं तोंड कसं असेल ते तुम्हीच ठरवा."

इलारियो त्या दिवशी वर्गात नव्हता. तो त्याच आठवड्यात, दोन-तीन दिवस उशिरा आला.

त्याचा बाप फिदेन्सियो पूर्वी कातडी कमावण्याच्या कारखान्यात फाटकावर पहारेकरी होता. कारखान्यात गुपचूप संघटना उभी राहत होती, आणि एका सकाळी मालकानं नेमकी तीच माणसं काढून टाकली. नावं कुणी सांगितली? गावानं ठरवलं, फाटकावर उभं राहून कोण कुणाशी बोलतं ते बघणाऱ्यानं. फिदेन्सियो काहीच बोलला नाही. बायको एदुविहेस हिला घेऊन डोंगरावरच्या वाडीत निघून गेला, तेव्हा गावाची खात्रीच झाली. इलारियो तिथेच जन्मला. फिदेन्सियोची म्हातारी आई आजारी पडली म्हणून ते आता परत आले होते. फिदेन्सियो पहाटे शेतावर जायचा, अंधार पडल्यावर यायचा, चौकात पाऊलही टाकायचा नाही.

इलारियो बोलत नसे. दाराजवळ उभा राहायचा, टोपी दोन्ही हातांत धरून. बाईंनी त्याला खळीच्या भांड्याजवळ बसवलं. इतर मुलं पाय करत होती, हात करत होती, एक जण फक्त बुटाची नाडी करत होता. फुग्यावर कागदाचे थर देऊन डोकं तयार होतं. चुन्याचा पांढरा हात देऊन वाळलेलं, नुसतं गोल आणि कोरं. ते बाईंनी त्याच्यापुढे ठेवलं. "हे तू रंगव."

"हे कशाचं?" हा त्याचा शाळेतला पहिला शब्द.

शेजारची मुलगी पटकन म्हणाली, "चौकात टांगणार याला. उंच. बँड वाजतो, सगळं गाव बघायला येतं."

"सगळं गाव?"

"मग काय. गाढवंसुद्धा."

जाळतात हे तिनं सांगितलं नाही. कशाला सांगेल? आमच्या गावात ते कुणाला सांगावं लागत नाही. ईस्टरला पावाचा गोड कापिरोतादा करतात, त्यात गूळ असतो हे जसं सांगावं लागत नाही, तसंच. बाईंच्याही मनात आलं नाही. वाडीवर चौक नाही, दोरी नाही, फटाके नाहीत, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

तो पोरगा त्या डोक्याला मांडीवर घेऊन बसला. जीभ बाहेर काढून, श्वास धरून. आधी मिशी. मग भुवया, आणि उजवी भुवई मधोमध तुटलेली. चॉकलेटचा सोनेरी कागद मागून घेतला आणि एक दात केला. मग लगद्याचा गोळा घेऊन डावा कान. तो काही केल्या त्याच्या मनासारखा होईना. चिकटवायचा, काढायचा, पुन्हा चिकटवायचा. शेवटी वरची कड अंगठ्यानं आत दुमडली, चुरगळल्यासारखी, आणि हसला. ओल्या खळीनं हिरव्या कापडाची टोपी वर बसवली.

"बाई, छान झालाय?"

बाई वाकून बघत होत्या. त्यांनी ओळखलं का? ओळखलं. हे मला त्यांनी स्वतः सांगितलं, पुष्कळ वर्षांनी, मी खळीचं भांडं घासत असताना. म्हणाल्या, "क्षणभर फिदेन्सियो समोर दिसला. पण तो पोरगा इतके दिवस मुका, आणि पहिल्यांदा मला 'बाई' म्हणून काही विचारत होता. मला तेवढंच दिसलं." तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "खूप छान झालाय, इलारियो. सगळ्यांत छान."

शनिवारी सकाळी आम्ही जुदास चौकात नेला. फटाके बांधायचं काम शोभेची दारू करणाऱ्या दॉन क्रिसोफोरोचं. त्यानं डोकं हातात घेतलं, फिरवून पाहिलं आणि शीळ घातली.

"बाई, मानलं तुम्हाला."

"काय झालं?"

"भुवई, दात, टोपी. आणि कान. कान तर असा जमलाय की मला वाटलं आता हा माझ्याकडं सिगारेट मागतो."

"हे मुलांनी केलंय, दॉन क्रिसोफोरो."

"हो, हो. मुलांनीच." त्यानं डोळा मारला. "मीही तेच सांगेन सगळ्यांना."

बाईंची मान लाल झाली. मी हळूच म्हणालो, "डोक्यावर पांढरा कागद लावू का? खळ उरलीय घरी." त्या काही बोलणार तेवढ्यात दोन्या तेओदोरा आली. तिचा नवरा त्या काढलेल्या माणसांपैकी एक. पुढे कुठेच चिकटला नाही, दारू पिऊन गेला. ती वर बघत राहिली आणि मग बाईंचा दंड धरून म्हणाली, "इतकी वर्षं झाली. आज पहिल्यांदा बरं वाटतंय, बाई. देव तुमचं भलं करो." तिच्यामागून आणखी लोक आले. पुरुषांनी हॅट काढल्या. जे एरवी बाईंना बालवाडीची आया म्हणूनच ओळखायचे, ते नावानं नमस्कार करू लागले. नगराध्यक्ष स्वतः पायऱ्या उतरून आले, आणि त्या दिवशी बाईंनी रस्ता ओलांडला नाही.

माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "राहू दे. फिदेन्सियो कुठे येतो चौकात."

त्यांना ते आवडलं होतं. थोडंसं, कदाचित बँडचं एक गाणं संपेपर्यंत, पण आवडलं होतं. हेही त्यांनीच मला सांगितलं. लोक नेमकी हीच गोष्ट सोडून देतात, आणि बाईंना मरेपर्यंत हीच टोचत राहिली.

मोठे जुदास आधी उडाले. आमचा सगळ्यांत लहान, दोरीच्या शेवटी, जांभळ्या फुलांच्या झाडाखाली. क्रिसोफोरो काकडा घेऊन त्याच्याकडे येत होता तेव्हा गर्दी मागून फाटल्यासारखी झाली. फिदेन्सियो येत होता. इस्त्रीचा सदरा, डोक्यावर तीच हिरवी टोपी, आणि खांद्यांवर इलारियो. पोरानं त्याला हट्टानं ओढून आणलं असणार. सकाळच्या उजेडात त्याला गावानं कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"पप्पा, तो बघ," इलारियो ओरडला. "तो तू आहेस. मी केलाय."

लोक हसले. साधं हसणं नव्हतं ते. फिदेन्सियोनं वर पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग एका हातानं पोराचा पाय धरून दुसऱ्या हातानं टोपी काढली, गिरिजाघरात काढतात तशी.

"कान चांगला जमलाय," तो म्हणाला.

क्रिसोफोरोनं बाईंकडे पाहिलं. विचारत होता तो, हे मी शपथेवर सांगतो. काकडा वातीपासून दूर धरला होता. बाईंनी हात उचलला. खांद्यापर्यंत आला तो हात. सगळे बघत होते, तेओदोरा बघत होती, नगराध्यक्ष बघत होते. बाईंनी त्या हातानं केस सारखे केले आणि खाली घेतला.

क्रिसोफोरोनं वात पेटवली.

आधी कंबर फुटली, जुदास गरगर फिरला, पोटातल्या गोळ्या-चॉकलेटं उडाली आणि मग डोकं. मुलं किंचाळत गोळ्यांवर तुटून पडली. इलारियो रडला नाही. बापाच्या कपाळाला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसला होता. मग खाली उतरव म्हणाला. खाली उतरून त्यानं गोळ्या नाही उचलल्या, कागद उचलले. मिशीचा तुकडा, भुवईचा तुकडा, जळकी हिरवी चिंधी. सगळं सदऱ्याच्या ओच्यात.

"अरे, बापाला गोळा करतोय पोरगा," कुणीतरी म्हणालं. थोडे हसले. मग तेही थांबले.

दुसऱ्या दिवशी ईस्टर. दुपारी बाई माझ्या दारात आल्या, हातात झाकलेल्या ताटात कापिरोतादा. "माझ्याबरोबर येता का? एकटीनं दार वाजवायचं धाडस होत नाही." वाटेत तीनदा तरी म्हणाल्या, परत फिरू या.

दार एदुविहेसनं उघडलं. ताटाकडे पाहिलं, हात पुढे केला नाही.

"या. आला नसतात तरी चाललं असतं."

आत टेबलापाशी इलारियो बसला होता. समोर अर्धं डोकं, आत फुटक्या वाटीचा आधार दिलेलं, आणि तुकडे. त्याच्यापुढे उजेडाकडे तोंड करून स्टुलावर फिदेन्सियो बसला होता, फोटो काढून घेणाऱ्यासारखा ताठ. पोरगा त्याच्याकडे बघायचा आणि एकेक तुकडा लावायचा.

"फिदेन्सियो, मी," बाईंनी सुरुवात केली.

"खळीच्या गुठळ्या झाल्यात," तो मान न हलवता म्हणाला. "हिला जमत नाही. तुम्हाला येते ना?"

"यांना येते." बाईंनी माझ्याकडे बोट केलं.

"मग त्यांना चूल दाखव गं. आणि बाई, तुम्ही बसा. जाळला तुम्ही, जोडाही तुम्हीच."

बाई बसल्या. लहान मुलाच्या स्टुलावर, गुडघे वर. मी चुलीजवळून बघत होतो. पीठ आधी गार पाण्यात कालवायचं, मग उकळत्यात सोडायचं, आणि हात थांबवायचा नाही. एदुविहेस माझ्या शेजारी उभी राहून बघत होती.

शेवटी इलारियो बोलला. बाईंकडे न बघता. "तुम्ही म्हणालात, छान झालाय."

"हो."

"सगळ्यांत छान म्हणालात."

"झालाच होता."

"मग?"

मी इतकी वर्षं त्यांना मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देताना ऐकलं. आकाश का पडत नाही, मृतांच्या दिवशी मेलेली आजी जेवायला आली तर पोळी का संपत नाही, सगळ्याला त्यांच्याकडे काही ना काही असायचं. तेव्हा फक्त म्हणाल्या, "मी चुकले, इलारियो. मला थांबवता येत होतं."

पोरानं ते ऐकलं. माफ केलं असंही नाही. लगद्याचा गोळा त्यांच्यापुढे सरकवला. "कान जळला. मला तसा पुन्हा येत नाही. तुम्ही करा."

फिदेन्सियोनं मान वळवली आणि डावा कान उजेडात धरला. "नीट बघा. खेचरानं चावला होता. मी तेव्हा ह्याच्याएवढा होतो."

आता बाईंना त्याच्याकडे बघणं भाग होतं. आदल्या दिवसापासून ज्या चेहऱ्याकडे त्यांना बघवत नव्हतं, त्या चेहऱ्याच्या वीतभर अंतरावर, पुन्हा पुन्हा. वरची कड कुठे दुमडली, खालची पाळी किती लांब. त्यांच्या हातांनी आयुष्यभर तोंडं घडवली होती. तो कान त्यांच्या हातून होईना. केला, मोडला, पुन्हा केला.

"तुम्हीपण विचारणार का," फिदेन्सियो भिंतीकडे बघत म्हणाला, "नावं कुणी सांगितली ते?"

"नाही."

"बरं. तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं मी. बाकी कुणी विचारलंच नाही. सगळ्यांना आधीच माहीत होतं."

बाईंचे हात थांबले. आता विचारायला हवं होतं, असं मलाही वाटलं. पण 'नाही' म्हणून झालं होतं. त्यांनी पुन्हा लगदा उचलला.

कान झाला तो शेवटी कुणाचाही कान झाला. इलारियोनं पाहिला. "असा नाहीये," म्हणाला, पण लावला. निघताना कापिरोतादाचं ताट जिथं ठेवलं होतं तिथंच झाकलेलं होतं. एदुविहेस म्हणाली, "ताट घेऊन जा, बाई."

सुट्टी संपल्यावर इलारियो शाळेत आला. वर्ष पुरं केलं. घरं काढायचा, कुत्रे काढायचा, झाडं तर फार चांगली. पण बाईंच्या वर्गात त्यानं पुन्हा चेहरा काढला नाही. त्याच्या चित्रात माणसं असायची, तोंडाच्या जागी नुसता गोल. बाई ती चित्रं इतरांच्या चित्रांबरोबरच भिंतीवर लावायच्या, सरळ करून टाचण्या मारायच्या आणि तशाच उभ्या राहायच्या.

ते डोकं फिदेन्सियोच्या घरच्यांनी रस्त्याकडच्या खिडकीत ठेवलं. घरातून शाळेला जायला बाईंना दोन वाटा होत्या. गिरिजाघरामागची जवळची, आणि फिदेन्सियोच्या खिडकीवरून जाणारी. आधी त्या जवळच्या वाटेनं जायच्या. त्या ईस्टरनंतर नोकरी संपेपर्यंत, आणि नंतर बाजारालाही, त्या लांबच्या वाटेनं गेल्या. खिडकीपाशी थांबायच्या नाहीत. फक्त बघायच्या, आणि मान लाल व्हायची. गावानं ते पाहिलं आणि अर्थ लावला, बघा, बाई अजून त्याच्या डोळ्याला डोळा देतात. बाई कधी काही सांगायला जायच्या, "अहो, तसं नव्हतं ते," आणि पुढे शब्द फुटायचे नाहीत. लोकांना तो विनय वाटायचा. मग आणखी स्तुती करायचे.

आमच्याकडे पावसाळ्यात कागद ओलावतो, खळ सुटते. पाऊस संपला की एदुविहेसचा निरोप यायचा. ती दुसरं काही म्हणायची नाही, एवढंच, "कान सुटलाय." मी खळ शिजवायचो, बाई भांडं घेऊन जायच्या. दर वर्षी नवा कान करायच्या. फिदेन्सियो होता तोवर समोर बसायचा, उजेडाकडे मान वळवून. तो गेल्यावर त्या आठवणीनं करायच्या. परत येऊन हात धुताना मला म्हणायच्या, "अजून जमत नाही हो तो." गेल्या वर्षी तर हात इतके कापत होते की मीच त्यांचं मनगट धरून होतो.

प्रार्थनेच्या नऊ दिवसांत एदुविहेस आली नाही. मला वाटलं होतं येईल. मी रोज दाराकडे बघत होतो, कारण ती आली असती तर कदाचित ती गोष्ट सांगायला लोक कचरले असते.

काल तिचा निरोप आला. यंदा वळवाचा पाऊस लवकर झाला, खिडकी उघडी राहिली होती. कान सुटलाय.

पीठ भिजवून ठेवलं आहे. खळ तेवढी मला येते. कान येत नाही.